न्यायालयाच्या पायरीवरचे शिक्षण

(पत्रकार दिनानिमित्त मुंबईतील एका उपनगरी ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत न्यायालयीन वार्तांकनाविषयी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. – संपादक)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. मी ती पायरी गेली तीस वर्षे रोज चढतो आहे. यावरून माझ्या शहाणपणाविषयी आपण जो निष्कर्ष काढाल, त्याविरुद्ध अपील करण्याचा माझा विचार नाही. मात्र या तीस वर्षांत त्या पायरीने मला जे शिकवले, ते आपल्यासमोर ठेवण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला, म्हणून आपण हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. दर्पण म्हणजे आरसा. आरसा समोरच्याचा चेहरा सुधारत नाही आणि बिघडवतही नाही. हे वाक्य भाषणात फार सोपे वाटते. न्यायालयात बसून बातमी लिहिणाऱ्याला मात्र ते अंगी बाणवायला अर्धे आयुष्य लागते. निदान मला तरी लागले.

कलाशाखेचा पदवीधर न्यायालयात

मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालो. कायद्याचा आणि माझा संबंध भाड्याच्या घराच्या करारापुरताच होता. एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो. १९९५मध्ये न्यायालयाचे काम पाहणारे आमचे ज्येष्ठ सहकारी निवृत्तीला आले होते आणि त्यांना मदतनीस हवा होता. संपादकांनी मला बोलावून सांगितले, “आठ दिवस त्यांच्याबरोबर जा, पुढचे पाहू.” ते आठ दिवस अद्याप संपलेले नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कोणत्याही खटल्याला नेले नाही. ओव्हल मैदानासमोरची, १८७८ साली बांधून पूर्ण झालेली ती उच्च न्यायालयाची दगडी इमारत त्यांनी मला जिन्याजिन्याने फिरवून दाखवली. ज्या दालनात १९०८मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, त्या दालनाबाहेर आम्ही थांबलो. शिक्षा ऐकल्यावर लोकमान्यांनी काढलेले उद्गार तेथे संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६मध्ये तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी त्या शिलालेखाचे अनावरण केले. मी भारावून वाचत होतो. सहकाऱ्यांनी विचारले, “ज्युरींनी लोकमान्यांना दोषी ठरवले, ते किती मतांनी?” मला सांगता आले नाही. ते म्हणाले, “सात विरुद्ध दोन. तू नुसते ‘दोषी ठरवले’ असे लिहिलेस, तर ते खोटे नाही. पण त्या दोघांवर अन्याय आहे. आकडा लिहायचा.” न्यायालयीन वार्तांकनाचा माझा पहिला धडा हा असा होता.

दुसऱ्या दिवसापासून खरी पायपीट सुरू झाली. सकाळी किल्ला कोर्ट, दुपारी काळा घोड्याजवळचे सत्र न्यायालय, मध्ये वेळ मिळाला तर उच्च न्यायालय. दिवसाचे ‘बोर्ड’ कसे वाचायचे, कोणते प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे आणि ते आज प्रत्यक्षात निघण्याची शक्यता किती, हे कोणत्याही पुस्तकात नसते. ते पट्टेवाले, शिरस्तेदार आणि लघुलेखक यांच्याकडून शिकायचे असते. खालच्या न्यायालयात साक्षीदार बोलतो आणि त्याच्या बोलण्याचे सार न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात. म्हणजे एकच साक्ष वार्ताहराला दोनदा ऐकायला मिळते. पहिल्यांदा माणसाच्या भाषेत आणि दुसऱ्यांदा कायद्याच्या भाषेत. या दोहोंमध्ये जे गळते आणि जे उरते, ते टिपण्याचा मी सराव केला. साहित्याच्या विद्यार्थ्याला तेवढी एकच पूर्वतयारी उपयोगी पडली.

शब्दांची शिस्त

न्यायालयात शब्दांना वजन असते, ही गोष्ट मी पहिल्या वर्षात ठेचा खात शिकलो. याचिका ‘दाखल झाली’ आणि ‘दाखल करून घेतली’ यात अंतर आहे. पहिले कोणीही करू शकतो, दुसरे न्यायालय करते. याचिका ‘फेटाळली’ आणि ‘निकाली काढली’ हेही एक नव्हे. जामीन मिळाला म्हणजे माणूस निर्दोष ठरला नाही आणि जामीन नाकारला म्हणजे तो गुन्हेगार ठरला नाही. आरोपी आणि दोषी या दोन शब्दांमध्ये एक संपूर्ण खटला उभा असतो आणि तो खटला कधी कधी पंधरा-पंधरा वर्षे चालतो.

आमच्या मराठी वृत्तपत्रांना दोन शब्दांचा फार मोह आहे : ‘दणका’ आणि ‘ताशेरे’. न्यायालयाने सरकारला नुसती नोटीस काढली तरी मथळ्यात दणका बसतो. न्यायमूर्तींनी सुनावणीच्या ओघात एखादा प्रश्न विचारला की त्याचे ताशेरे होतात. प्रश्न विचारणे हे न्यायमूर्तींचे कामच आहे. अनेकदा ज्या बाजूला ते कठोर प्रश्न विचारतात, त्याच बाजूने अखेर निकाल देतात. युक्तिवादाची ताकद तपासण्याची ती रीत आहे. हे न कळता मीही अनेक दणके छापले. दुसऱ्या दिवशी लेखी आदेश हाती आला, की त्यात त्या दणक्याचा मागमूस नसे.

तोंडी शेरे छापूच नयेत काय? तसेही नाही. एप्रिल २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाविषयी सुनावणीत काही अत्यंत कठोर उद्गार काढले. अशा उद्गारांचे वार्तांकन रोखावे, अशी मागणी घेऊन आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी नाकारली. सुनावणीत काय बोलले गेले, हे जाणण्याचा नागरिकांना अधिकार आहे, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु ते शेरे आदेशाचा भाग नाहीत, हेही स्पष्ट केले आणि न्यायाधीशांनी भाषेचा संयम पाळावा, असेही सुनावले. वार्ताहराने यातून एवढाच बोध घ्यावा, की शेरा छापायचा तर ‘शेरा’ म्हणून छापायचा. त्याला आदेशाची वस्त्रे चढवायची नाहीत.

मराठी वार्ताहरापुढे भाषांतराचे आणखी एक काम असते. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि त्याची बातमी आजीबाईंपासून रिक्षाचालकापर्यंत सर्वांना कळेल अशा मराठीत द्यायची असते. शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश त्या काळी माझ्या पिशवीत असे. एका शब्दासाठी कोश उघडणारा वार्ताहर पाहून कचेरीतले मित्र हसत. पण ‘अंतरिम’ आणि ‘अंतिम’ यांत एका अक्षराचा फरक आहे आणि त्या एका अक्षरावर कोणाचे तरी घर उभे असते.

चार स्तंभ आणि चार ओळी

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मी फार ठिकाणी सांगितलेली नाही. १९९७मधली ही हकिकत आहे. एका पतसंस्थेतील लिपिकाला अपहाराच्या आरोपावरून अटक झाली होती. कोठडी मागण्यासाठी पोलिसांनी केलेला अर्ज मी न्यायालयात वाचला आणि कचेरीत येऊन बातमी लिहिली. त्या अर्जातले प्रत्येक वाक्य मी घटना म्हणून लिहिले. ‘पोलिसांचे म्हणणे आहे की’ हे चार शब्द मी गाळले, कारण त्यामुळे बातमी मवाळ झाली असती. त्या माणसाचे पूर्ण नाव, राहण्याची वसाहत, पत्नी कोठे नोकरी करते, हे सारे लिहिले. बातमी चार स्तंभांत छापून आली. संपादकांनी पाठ थोपटली. मला त्या रात्री शांत झोप लागली, हे आज सांगताना लाज वाटते.

नऊ वर्षे गेली. सप्टेंबर २००६मध्ये १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल सुरू झाला. आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातील विशेष न्यायालयात न्यायाधीश प्रमोद कोदे टप्प्याटप्प्याने एकेका आरोपीविषयी निर्णय देत होते. आम्ही वार्ताहर पहाटेपासून तेथे जाऊन उभे राहत असू. अशाच एका संध्याकाळी थकून कचेरीत परतलो, तर स्वागतकक्षात एक गृहस्थ माझी वाट पाहत बसले होते. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यातून त्यांनी दोन कागद काढले. एक निकालाची सही-शिक्क्याची नक्कल, दुसरे माझ्या बातमीचे पिवळे पडलेले कात्रण. ते निर्दोष सुटले होते. अपहार झाला होता, पण तो त्यांनी केला नव्हता, असा तो निकाल होता.

ते रागावले नाहीत. ते म्हणाले, “साहेब, त्या वेळी आपण चार स्तंभ दिले होते. आता चार ओळी द्याल का? माझी आई हे कात्रण वाचूनच गेली. निदान मुलीच्या सासरच्या माणसांना काही दाखवता येईल.”

मी बातमी लिहून दिली. वृत्तसंपादक म्हणाले, “नऊ वर्षांपूर्वीचे प्रकरण आता कोण वाचणार? आणि पानावर जागा कोठे आहे? बॉम्बस्फोटाचा निकाल चालला आहे.” मी तीन दिवस मागे लागलो. चौथ्या दिवशी सातव्या पानाच्या तळाशी, निविदेच्या जाहिरातीशेजारी, खरोखरच चार ओळी आल्या. त्या गृहस्थांनी दूरध्वनी करून आभार मानले. आयुष्यात अनेकांनी माझे आभार मानले असतील, पण इतके जड आभार कोणाचे झाले नाहीत.

पुढे त्या मोठ्या खटल्याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. १२ मार्च १९९३ रोजी २५७ माणसे मेली होती. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले, २३ सुटले आणि शिक्षा सुनावण्याचे काम ३१ जुलै २००७पर्यंत चालले. त्या काळातली आमची पाने आज काढून पाहा. एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्याने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता, हे त्यांत सापडेल. मृतांच्या घरची माणसे त्या दिवशी कोठे होती, हे शोधावे लागेल. आणि सुटलेल्या तेवीस जणांची नावे शोधायला तर भिंग घ्यावे लागेल.

त्याच वर्षी मी एक वही घातली. माझ्या बातमीत आरोपी म्हणून ज्याचे नाव येईल, त्याचे प्रकरण, क्रमांक आणि न्यायालय त्या वहीत लिहायचे आणि निकाल लागेपर्यंत ती नोंद खोडायची नाही. घरी तिला आम्ही ‘थकबाकीची वही’ म्हणतो. आज अशा अकरा वह्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या उघडून बसतो. पूर्वी माहितीसाठी शिरस्तेदारांकडे खेटे घालावे लागत, आता न्यायालयांच्या संकेतस्थळावर तारीख आणि आदेश दिसतो. दोषी ठरला तर तसे लिहितो, सुटला तर तसे लिहितो आणि दोन्ही वेळा सारखीच जागा मागतो. मिळतेच असे नाही. परंतु वार्ताहराच्या व्यवसायात प्रगती म्हणजे काय, असे मला कोणी विचारले, तर पद, पगार आणि पुरस्कार यांच्याआधी मी या वहीकडे बोट दाखवीन.

चूक थोरांच्याही हातून होते. १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी ज्या पत्रांवर विसंबून तेथील कारभारी बर्वे यांच्यावर आरोप छापले, ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्यांचा हेतू शुद्ध होता. कागद शुद्ध नव्हता. त्यांनी न्यायालयात दिलगिरी व्यक्त केली, शिक्षा भोगली आणि लेखणी अधिक धारदार करून ते परतले. चुकीनंतर माणूस काय करतो, यावर त्याचे मोल ठरते.

हक्क आणि मर्यादा

चुकीविषयी बोललो, आता हक्काविषयी बोलतो, कारण तरुण पत्रकारांना तो पुरेसा ठाऊक नसतो. न्यायालय खुले असते ते मुळात आपणा सर्वांसाठी. वार्ताहर तेथे बसतो तो जे येऊ शकत नाहीत त्यांच्या वतीने. न्यायालयीन कामकाजाचे योग्य आणि अचूक वृत्त देणे हा अवमान नव्हे, असे १९७१चा न्यायालय अवमान अधिनियम सांगतो. असे वृत्त मूलतः खरे असेल तर ती अब्रुनुकसानीही ठरत नाही. जुन्या दंडसंहितेतील हा अपवाद १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. ‘अचूक’ या एका शब्दात आमचे सारे संरक्षण सामावलेले आहे. अचूकता सुटली की संरक्षणही सुटले.

या हक्कासाठी झगडणाऱ्यांत एका मराठी वार्ताहराचे नाव आहे आणि ते आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे नरेश श्रीधर मिरजकर. उद्योगपती ठाकरसी यांनी ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने विनंती केली, की साक्ष छापली गेली तर आपल्या व्यवसायाचे नुकसान होईल. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष प्रसिद्ध करू नये, असा तोंडी आदेश दिला. मिरजकर आणि अन्य काही पत्रकार याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे प्रकरण चालले. १९६६मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल दिला आणि पत्रकार हरले. न्यायदानासाठी आवश्यक असेल तर असा मनाई आदेश देण्याचा न्यायालयाला अंगभूत अधिकार आहे, असे ठरले. आठ विरुद्ध एक. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. हा निकाल वाचला तेव्हा मला माझे ते ज्येष्ठ सहकारी आठवले. आकडा लिहायचा. एकाचे मतही लिहायचे.

मिरजकर हरले, म्हणून त्यांचा झगडा वाया गेला असे मी मानत नाही. वार्ताहराने कोणाशी आणि कोणत्या मार्गाने भांडावे, हे त्यांनी दाखवले. आदेश पटला नाही, तर तो मोडला नाही. वरच्या न्यायालयात आव्हान दिले.

काही मर्यादा मात्र अशा आहेत, की त्यांविरुद्ध भांडण्याची इच्छाही होऊ नये. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची आणि बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये स्पष्ट केले, की नाव न देता ओळख पटेल असा तपशील देणेही तितकेच निषिद्ध आहे. नाव बदलायचे आणि गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय लिहायचा, ही पळवाट आता बंद आहे. कायद्याने ती बंद करावी लागली, हे आमच्या व्यवसायाला भूषणावह नाही.

नव्या पिढीला दोन शब्द

आज साधने बदलली आहेत. २७ सप्टेंबर २०२२पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांचे कामकाज थेट प्रक्षेपित होऊ लागले. कोणीही घरबसल्या ते पाहू शकतो. मग वार्ताहर कशाला हवा? माझे उत्तर असे, की दृश्य सर्वांना दिसते, संदर्भ सर्वांना दिसत नाही. पन्नास सेकंदांचा तुकडा भ्रमणध्वनीवर फिरतो आणि पाच तासांचा युक्तिवाद कोणी ऐकत नाही. तो ऐकणारा आणि समजावून सांगणारा माणूस पूर्वीपेक्षा आज अधिक हवा आहे. ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील तरुण पत्रकारांना हे काम आता मुंबईला न येता शिकता येईल. त्यांनी ही संधी घ्यावी.

त्यांना माझे सांगणे थोडके आहे. वकिलांनी सांगितलेली बातमी ही अर्धी बातमी असते. दुसऱ्या बाजूचे प्रतिज्ञापत्र वाचल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. आदेशाची प्रत हाती येईपर्यंत विशेषणे खिशात ठेवा. मोठ्या खटल्याला सगळेच जातात. महिन्यातून एक दिवस अशा दालनात बसा, जेथे एकही वार्ताहर नाही. पोटगीसाठी दहाव्यांदा आलेली स्त्री, वारसाच्या नोंदीसाठी खेटे घालणारा शेतकरी आणि साक्षीदार फितूर झाल्यावर मान खाली घालून बसलेला फिर्यादी आपल्याला तेथेच भेटतील. आणि कायदा येत नाही म्हणून बिचकू नका. कलाशाखेच्या पदवीधरालाही तो येतो. फक्त ‘मला समजले नाही, पुन्हा सांगता का?’ हे वाक्य न लाजता उच्चारता आले पाहिजे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीही मी ते आठवड्यातून दोनदा उच्चारतो.

शेवटची विनंती आपणा वाचकांना आहे. अटकेची बातमी आपण मोठ्या चवीने वाचता. क्षमा करा, पण ते खरे आहे. त्याच बातमीखाली सहा महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी काय झाले, असे आम्हाला पत्र लिहून विचारा. वाचकांनी विचारले, की वृत्तसंपादकांना जागा सापडते, असा माझा अनुभव आहे. आरशावर धूळ बसली असेल तर ती पुसण्याचा अधिकार आरशात पाहणाऱ्यालाही असतोच.